जेवणाच्या रांगेनं मिळवून दिलेली नोकरी : अमेरिकेत डिझाईनचं काम शोधताना

रविवारची सकाळ आहे. चहा झाला असेल, किंवा अजून हातात असेल. या कार्यक्रमात मी नोकरीबद्दल बोलतो तेव्हा बहुतेक वेळा विषय आयटीचा असतो, कारण माझी वीस वर्षं त्यातच गेली. पण गेल्या महिन्याभरात तीन श्रोत्यांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "भारतात मी डिझाईनचं काम करत होते. लग्न झालं, इथं आले. आता सुरुवात कुठून करू?" तिघींपैकी एक ग्राफिक डिझायनर, एक पुस्तकांसाठी चित्रं काढणारी, एक पॅकेजिंगवाली.

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे ते घरातून. माझी बायको पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयात अप्लाइड आर्ट शिकली. नंतर तिनं एका जाहिरात संस्थेत सहा वर्षं काम केलं. २०११ साली माझ्या एच-१बीच्या मागोमाग ती एच-४ व्हिसावर न्यू जर्सीत आली. पहिल्या वर्षी डॉक्टरांकडच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात ती 'डिझायनर' लिहायची. तिसऱ्या वर्षी तो रकाना तिनं मोकळा सोडलेला मी पाहिला. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

पुढे तिला काम मिळालं, पण त्याआधी मी तिला बरेच चुकीचे सल्ले दिले. मी एमबीए झालेला माणूस, लोकांना सल्ले देऊनच पोट भरतो, त्यामुळे तेही अगदी ठासून दिले होते. त्या चुकांमधून जे हाती लागलं ते आज सांगतो. मी वकील नाही, हे आधीच सांगून ठेवतो. परवानगीबाबत शेवटचा शब्द इमिग्रेशनच्या वकिलाचा.

आणि सुरुवात परवानगीपासूनच करायला हवी. पोर्टफोलिओ नंतर.

तुम्ही एच-४वर असाल, तर शिकायला मोकळीक आहे, पण काम करायला वेगळी परवानगी लागते. तिला आपण सगळे ईएडी म्हणतो. एच-४च्या काही जोडीदारांना ती मिळण्याची सोय २६ मे २०१५ पासून झाली. 'काही' हा शब्द महत्त्वाचा आहे. ढोबळमानानं सांगायचं तर, एच-१बीवाल्या जोडीदाराचा आय-१४० मंजूर झालेला हवा, किंवा ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालेली हवी. ईएडी आलं, की नोकरी करा, फ्रीलान्स करा, स्वतःचा व्यवसाय काढा, सगळं चालतं. जोडीदार एल-१वर असेल, तर गोष्ट सोपी आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ जोडीदाराला त्या दर्जामुळेच काम करता येतं. फक्त आपल्या आय-९४वर 'एल-२एस' अशी नोंद आहे ना, ते तपासा. विद्यार्थी असाल तर पदवीनंतर ओपीटीचे बारा महिने मिळतात. पुढची चोवीस महिन्यांची वाढ फक्त स्टेम यादीतल्या अभ्यासक्रमांना आहे आणि निव्वळ ग्राफिक डिझाईन त्या यादीत नाही. तेव्हा फी भरण्याआधीच कॉलेजला विचारा, की तुमचा अभ्यासक्रम कुठल्या कोडखाली येतो.

आणखी एक. ईएडी नूतनीकरणासाठी दिलं, की जुनी मुदत आपोआप वाढायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या बहुतेक अर्जांना ती सवलत उरलेली नाही, एच-४वाल्यांनासुद्धा नाही. मुदत संपण्याच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो. तारीख आजच कॅलेंडरवर टाका. हातात चालू काम असताना कार्डाची मुदत संपली, तर ते काम थांबवावं लागतं.

आता आमची गोष्ट. बायकोकडे ईएडी नव्हतं तेव्हा पुण्याहून माझ्या आतेभावाचा फोन आला. त्याच्या मित्राला मसाल्याच्या पाकिटांची डिझाईन्स करून हवी होती. मी म्हटलं, "गिऱ्हाईक तिकडचं, पैसे तिकडच्या खात्यात, मग इथल्या कायद्याचा काय संबंध?" मला हे अगदी बिनतोड वाटलं होतं. नशिबानं तिनं वकिलाला विचारायचा हट्ट धरला. त्यांनी आम्हाला समजावलं, की पैसे कुठं जमा होतात यापेक्षा काम करताना तुम्ही कुठं बसला आहात, ते बघितलं जातं. न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पुण्याचं काम केलं, तरी ते अमेरिकेत केलेलं काम ठरू शकतं, आणि त्याचा फटका पुढे ग्रीन कार्डाला बसू शकतो. आम्ही नाही म्हणून कळवलं. आतेभाऊ काही महिने नाराज होता. पण ते पैसे घेतले असते, तर प्रत्येक अर्जाच्या वेळी पोटात गोळा आला असता. मंडळी, पैशांऐवजी गिफ्ट कार्ड दिलं, साडी दिली, तरी तो मोबदलाच. त्यातून पळवाट निघत नाही.

२०१५च्या शरद ऋतूत तिचं कार्ड आलं. इथून पुढच्या चुका पूर्णपणे माझ्या.

मी तिचा रेझ्युमे आयटीच्या रेझ्युमेसारखा बनवला. दोन पानं, सॉफ्टवेअरची लांबलचक यादी, दर ओळीत शोधयंत्राला सापडावेत असे शब्द. रोज रात्री जेवण झालं, की आम्ही दोघं पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकायचो. शंभरावर अर्ज गेले. उत्तरं आली दोन, दोन्ही नकाराची. आयटीत ही पद्धत थोडीफार चालते. डिझाईनमध्ये समोरचा माणूस आधी पोर्टफोलिओ उघडतो. तो आवडला, तरच रेझ्युमे वाचतो. आणि आमचा पोर्टफोलिओ म्हणजे चाळीस कामांची एक पीडीएफ होती. दिवाळीच्या जाहिराती, बांधकाम व्यावसायिकांची माहितीपत्रकं, वर्तमानपत्राच्या पुरवणीतली अर्धी पानं. सगळं सुबक आणि देखणं.

वसंतात ती एआयजीएच्या पोर्टफोलिओ पाहण्याच्या संध्याकाळी गेली. एआयजीए ही डिझायनर लोकांची जुनी संस्था, १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली. अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत आणि त्या असे कार्यक्रम घेतात. अनुभवी मंडळी टेबलामागे बसतात, आपण आपलं काम घेऊन जायचं. एका वयस्कर आर्ट डायरेक्टर बाईंनी तिची पानं उलटली आणि एका जाहिरातीवर बोट ठेवलं. "छान आहे. हे असं का केलंत?" ती म्हणाली, क्लायंटला तसं हवं होतं. बाईंनी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. तोच प्रश्न. तेच उत्तर. तिसऱ्या पानाला बाईंनी प्रश्न विचारलाच नाही.

घरी येताना गाडीत ती गप्प होती. मग म्हणाली, "कारणं होती रे. प्रत्येक कामाला होती. मला ती कधी कुणी विचारलीच नव्हती."

मंडळी, आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा हाच आहे. आपण चित्र दाखवतो आणि इथला मुलाखत घेणारा त्यामागचा विचार विचारतो. तुमच्या शहराचं, क्लायंटचं, सणाचं त्याला काही ठाऊक नसतं. पुण्यात ज्या जाहिरातीकडे बघून सगळे 'वा' म्हणाले, ती त्याच्यासाठी एका अनोळखी लिपीतली रंगीत चौकट असते. तिला अर्थ येतो तो तुमच्या बोलण्यातून. अडचण काय होती, कुणाची होती, तुम्ही काय करून पाहिलं, काय टाकून दिलं, आणि त्यानं काय फरक पडला? हे सांगता आलं, तर काम कुठल्या देशातलं आहे, याचं फारसं अडत नाही.

(संगीत)

आता शीर्षकातल्या जेवणाच्या रांगेकडे येतो.

२०१६च्या सप्टेंबरात आमच्या मंडळाचा गणेशोत्सव एका शाळेच्या सभागृहात होता. सहाएकशे माणसं जेवायला. आदल्या वर्षी जेवणाची रांग पन्नास मिनिटांची झाली होती. आजी-आजोबा उभे, मुलं रडतायत, आणि वाढणारे स्वयंसेवक त्रासलेले. बायकोनं कूपनं आणि पाट्या करायचं काम मागून घेतलं. पण लगेच संगणकापुढे बसली नाही. आधी आदल्या वर्षीचे फोटो मागवले, वाढणाऱ्या चार जणांना फोन केले. तेव्हा लक्षात आलं, की रांग वाढण्यामुळे तुंबत नव्हती. सगळी कूपनं एकसारखी पांढरी होती. माणूस टेबलापाशी पोचायचा आणि तिथं त्याला कळायचं, की मुलांचं जेवण पलीकडे आहे, कांदा-लसूण नसलेलं आणखी तिसरीकडे. मग तो उलटा फिरायचा, आणि त्याच्यामागे अख्खी रांग हलायची.

तिनं तीन प्रकारची कूपनं केली. आधी फक्त रंग वेगळे ठेवले होते. मग लक्षात आलं, की मंडळ पैसे वाचवायला कृष्णधवल झेरॉक्स काढणार. शिवाय काही माणसांना लाल-हिरवा फरक दिसत नाही. म्हणून गोल, चौकोन, त्रिकोण असे आकार आले, आणि प्रत्येकावर पदार्थाचं चित्र. कारण काही आजींना इंग्रजी वाचता येत नाही आणि त्यांच्या नातवंडांना देवनागरी. पाट्या तिनं डोक्याच्या वर टांगायला लावल्या. डोळ्यांच्या उंचीवर लावलेली पाटी गर्दी झाली की दिसेनाशी होते. त्या वर्षी रांग वीस मिनिटांच्या आसपास राहिली. खर्च झाला तो कागदाचा आणि दोरीचा.

मग तिनं पोर्टफोलिओ नव्यानं केला. चाळीसातली पाच कामं ठेवली, सहावी ही रांग. प्रत्येक कामाखाली चार-पाच साधी वाक्यं. फसलेलं पहिलं रेखाटनसुद्धा ठेवलं, कारण विचार कुठं वळला ते त्यातच दिसतं. पानं ए-फोरवरून इथल्या लेटर आकाराची केली, साडेआठ बाय अकरा इंच. ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण इथल्या छपाईची मापं तुम्हाला ठाऊक आहेत की नाहीत, हे त्यातून कळतं. मापं इंचात, कापण्यासाठी बाहेर सोडायची जागा साधारण एक अष्टमांश इंच, व्हिजिटिंग कार्ड साडेतीन बाय दोन. रेझ्युमे एका पानाचा झाला. त्यात फोटो नाही, जन्मतारीख नाही, विवाहित की अविवाहित हे नाही. चार वर्षांची पोकळी लपवली नाही. स्थलांतर आणि कामाची परवानगी मिळेपर्यंतचा काळ, असं एका ओळीत लिहिलं.

२०१७च्या सुरुवातीला एका रुग्णालयाच्या संपर्क विभागात सहा महिन्यांच्या कंत्राटी कामासाठी मुलाखत झाली. पुण्यातल्या सहा वर्षांवर दहा मिनिटं बोलणं झालं, जेवणाच्या रांगेवर वीस. कारण त्यांच्याकडे रक्त तपासणीच्या खिडकीसमोर हुबेहूब तोच गोंधळ होता. काम मिळालं. सहा महिन्यांनी ते कायम झालं.

ते कुठून मिळालं, तेही सांगतो. आपलं लक्ष जाहिरात संस्था आणि मोठ्या टेक कंपन्यांकडे असतं, आणि सगळ्यात जास्त गर्दीही तिथंच असते. पण रुग्णालयं, विद्यापीठं, औषध कंपन्या, विमा कंपन्या, छापखाने, सार्वजनिक ग्रंथालयं, सगळीकडे डिझायनर लागतात. तिथं कामाला झगमगाट कमी, पण शिकायला भरपूर. दुसरं म्हणजे, आमच्या आयटीत जसे व्हेंडर असतात, तशा डिझाईनच्या कामासाठीही एजन्सी आहेत. अ‍ॅक्वेंट, क्रिएटिव्ह सर्कल, रॉबर्ट हाफ ही त्यातली माहितीतली नावं. इथलं पहिलं काम, इथली पहिली शिफारस मिळवायला कंत्राटी मार्ग चांगला असतो. कामाची परवानगी असलेल्या स्थलांतरितांना नोकरी शोधायला मदत करणारी 'अपवर्डली ग्लोबल' ही ना-नफा संस्था आहे. स्वतःचा व्यवसाय करायचा असेल, तर 'स्कोअर' ही संस्था अनुभवी व्यावसायिकांचं मार्गदर्शन विनामूल्य देते. ती १९६४ पासून चालू आहे.

"यूएक्स कर, त्यात पैसा आहे," असं आपल्याकडे प्रत्येकीला सांगतात. मीही सांगितलं होतं. ते काम निराळं आहे. लोकांशी बोलणं, त्यांना वापरताना पाहणं, तपासणं, पुन्हा करणं, यात बराच वेळ जातो. रांग पाहून कूपन बदलण्यात ज्याला मजा येते, त्यानं जरूर जावं. ज्याला चित्र काढण्यातच जीव आहे, त्यानं फक्त पगाराकडे बघून जाऊ नये. मात्र स्क्रीनसाठी काही करायचं असेल, तर सर्वांना वाचता येण्याचे नियम शिकून घ्या. उदाहरणार्थ, साध्या आकाराच्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ला १ हवा. मुलाखतीत हे विचारतात.

आणि आपल्या लिपीला कमी लेखू नका. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फाँट बनवणारे र. कृ. जोशी आपल्या मुंबईचे. मुंबईच्याच 'एक टाइप'चे मुक्ता आणि बलू हे फाँट आज कुणालाही मोफत वापरता येतात. इथल्या संस्था हिंदी पत्रक छापतात, तेव्हा जोडाक्षरं तुटलेली आणि ऱ्हस्व वेलांट्या चुकीच्या जागी गेलेल्या आपण पाहिल्या आहेत. इनडिझाईनमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडला, की हा घोळ बहुतेक वेळा सुटतो. हे ठाऊक असलेला माणूस कार्यालयात सहसा नसतो. तो तुम्ही असू शकता.

(संगीत)

शेवटी पैशाचं. फ्रीलान्स करणार असाल, तर लेखी करार केल्याशिवाय सुरुवात करू नका. काम काय, किती वेळा बदल करून द्यायचे, आगाऊ रक्कम किती, उरलेली कधी, आणि मूळ फाईल कुणाची. एआयजीएचा नमुना करार आहे. ग्राफिक आर्टिस्ट्स गिल्डचं दर आणि करारांविषयीचं हँडबुक आहे, ग्रंथालयात विचारून बघा. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून कायदा आहे, की ८०० डॉलर किंवा जास्तीच्या फ्रीलान्स कामाला लेखी करार हवा, आणि तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे. २०२४ मध्ये तसा कायदा न्यूयॉर्क राज्यभर लागू झाला. इलिनॉयमध्ये २०२४ पासून ५०० डॉलरला आणि कॅलिफोर्नियात २०२५ पासून २५० डॉलरला असे कायदे आहेत. शिवाय इथल्या कॉपीराइट कायद्यानुसार फ्रीलान्सरनं केलेल्या कामाचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो, तो लेखी सही करून दिला तरच जातो. तेव्हा सही करण्याआधी ते कलम नीट वाचा.

करही विसरू नका. फ्रीलान्सच्या निव्वळ कमाईवर इन्कम टॅक्सखेरीज सुमारे १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो, वर्षाला ४०० डॉलरपासूनच. तो सर्वसाधारणपणे एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी या चार हप्त्यांत भरायचा असतो. आलेल्या प्रत्येक चेकमधला पाव ते तिसरा हिस्सा बाजूला ठेवायची आमच्या घरी पद्धत आहे.

आता एक शब्द डिझायनर नसलेल्या श्रोत्यांसाठी. मुंजीची पत्रिका, पहिल्या वाढदिवसाचा बॅनर, नव्या दुकानाचा लोगो, हे सगळं आपण "आपलीच आहे ना, करून देईल" म्हणून मागतो. मंडळाचं काम सगळेच फुकट करतात, तिथं तीही करेल, आनंदानं करेल. पण तुमच्या दुकानाच्या लोगोचे पैसे द्या. आधी तिला कामाची परवानगी आहे का ते विचारा. नसेल तर आग्रह करू नका. असेल तर भाव विचारा आणि तो ऐकून हसू नका. तिच्यासाठी ते इथलं पहिलं बिल असू शकतं.

ज्या तिघींनी प्रश्न विचारला, त्यांना आज रात्रीसाठी एवढंच सांगतो. आपलं एक जुनं काम काढा. सगळ्यात सुंदर नको, ज्यात सगळ्यात जास्त डोकं चालवावं लागलं होतं ते. त्याखाली मराठीत चार वाक्यं लिहा : अडचण काय होती, कुणाची होती, मी काय करून पाहिलं, काय बदललं. इंग्रजी उद्या करू. परवानगी अजून आली नसेल, तरी हे लिहायला कुणाची ना नाही.

मागच्या महिन्यात आम्ही मुलीला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. फॉर्म बायकोनं भरला. मी सहज डोकावलं. रकाना भरलेला होता.

पुढच्या रविवारी याच वेळी भेटू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.